धन्याच्या आधी जागे होणारे

संगणकाची कळ दाबल्यापासून त्याचा पडदा वापरण्याजोगा होईपर्यंत जो थोडासा अवधी जातो, त्याकडे आपण रिकामा वेळ म्हणून पाहतो. फलाटावर उभे राहून आगगाडीची वाट पाहावी, तशी त्याची वाट पाहतो. वस्तुतः यंत्राच्या दिवसातील तोच काळ सर्वांत गजबजलेला असतो. धनी खुर्चीत सावरून बसतो न बसतो, तोच दहा-वीस, कधी पन्नासही आज्ञावल्या उठून कामाला लागलेल्या असतात. कोणी घड्याळ लावते, कोणी छपाईयंत्राची विचारपूस करते, कोणी बाहेरच्या जगाशी संधान बांधते. आज्ञावली म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात प्रोग्राम म्हणतो तो. यांतील बहुतेक यंत्राबरोबर आलेल्या, काही आपण हौसेने ठेवून घेतलेल्या. परंतु एखादी अशीही निघते की तिला कोणीच बोलावलेले नसते. ती कोणती, हे ओळखावे कसे, या प्रश्नाला आता चाळीसांहून अधिक वर्षांचा इतिहास झाला आहे. तो वेषांतर करून वावरणाऱ्यांचा इतिहास आहे आणि, खेदाने सांगावे लागते, वेषांतराच्या संशयावरून निरपराध्यांना सुळी देणाऱ्यांचाही आहे.

यंत्राच्या या जागे होण्याला इंग्रजीत 'बूट' म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाच्या एका म्हणीवरून तो शब्द आला. आपण म्हणतो 'चालू करणे'. त्यात ही कसरत उतरत नाही. कसरत अशी, की निजलेल्या यंत्राला काहीच ठाऊक नसते, आणि त्याला सर्व काही ठाऊक करून देणारा मजकूर तर तबकडीवर असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात यावर योजलेला उपाय साधा होता. वीज येताच यंत्राच्या कायम स्मृतीत कोरलेली एक छोटी आज्ञावली जागी होई, तबकडीच्या अगदी पहिल्या कप्प्यातील ५१२ बाइट वाची आणि त्या मजकुराच्या हाती सगळे यंत्र सोपवून बाजूला होई. आलेला कोण, कुठला, त्याला कोणी धाडले, हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती. जो पहिल्या पायरीवर उभा, तोच घरचा, असा एकंदर विश्वासाचा कारभार.

या विश्वासाचा लाभ घेण्याची कल्पना प्रथम एका शाळकरी मुलाला सुचावी, हे मला फारसे आश्चर्याचे वाटत नाही. १९८२ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलाने ॲपल-२ या यंत्रासाठी 'एल्क क्लोनर' नावाची आज्ञावली लिहिली. ती फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात दडून बसे, यंत्राबरोबर जागी होई, पुढे घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर आपली प्रत उतरवी आणि दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवी. तिचा उद्देश थट्टेचा होता. पण थट्टेसाठी काढलेली वाट पुढे कोणासाठी खुली राहील, हे थट्टा करणाराच्या हाती उरत नाही.

चार वर्षांनी, १९८६ च्या आरंभी, लाहोर शहरात बासित आणि अमजद फारूक अलवी या दोघा भावांनी आयबीएम यंत्रांसाठी जो विषाणू लिहिला, त्याने मात्र या विद्येला वेगळेच वळण लावले. त्याचे नाव 'ब्रेन'. आपण लिहिलेल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवावा, एवढाच आपला हेतू होता, असे त्या भावांचे म्हणणे. त्यांनी विषाणूच्या पोटात आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवला होता. गुन्हेगार स्वतःचे कार्ड ठेवून जातो, असे उदाहरण या इतिहासात पुन्हा क्वचितच भेटते. १९८७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या फ्लॉप्यांवर तो सापडला.

ब्रेनची खरी करामत निराळी होती. तो फ्लॉपीचा मूळ पहिला कप्पा उचलून दुसरीकडे ठेवी, ती जागा 'खराब' म्हणून नोंदवी आणि पहिल्या कप्प्यात स्वतः जाऊन बसे. मग एखाद्या चिकित्सक माणसाने तो कप्पा उघडून पाहायचे ठरवले, तर ब्रेन ती विनंती मधल्यामध्ये अडवून त्याला लपवून ठेवलेला मूळ कप्पा दाखवी. पाहणाराला सारे जेथल्या तेथे दिसे. म्हणजे ज्या यंत्राला आपण साक्ष विचारायची, तेच यंत्र आरोपीच्या मुठीत! तपासाचा पहिला नियम येथून निघाला: संशयित तबकडीवरून जागे झालेल्या यंत्राला त्या तबकडीविषयी काही विचारू नये. खात्रीची फ्लॉपी वेगळी ठेवावी, तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिणे अशक्य करावे, यंत्र बंद करून त्या फ्लॉपीवरून पुन्हा जागे करावे आणि मग बाहेरून आत पाहावे. पंचवीस-तीस वर्षे संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणाही गृहस्थाच्या खणात अशी एखादी चिकटपट्टीची फ्लॉपी अजून सापडेल.

१९९१ मध्ये उघडकीस आलेला 'मायकेलअँजेलो' हाही याच जातीचा. त्यात त्या थोर शिल्पकाराचा उल्लेखही नव्हता. ६ मार्च या त्याच्या जन्मदिवशी तो तबकडीचा आरंभीचा भाग पुसून टाकी, म्हणून शोधणाऱ्याने दिलेले ते नाव. १९९२ च्या मार्चपूर्वी जगभर मोठी घबराट पसरली, लाखो यंत्रे बळी पडतील अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात नुकसान त्या मानाने फारच थोडे झाले. तो केवळ यंत्र जागे होताना तारीख पाही. त्यामुळे त्या दिवशी यंत्र बंद ठेवणे हाही एक उपाय होता. या विषाणूचा आपल्या पुण्याशी मात्र एक धागा जुळतो. तेथे कैलास काटकर कॅलक्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी विषाणूंनीच आजारी पडलेली असत. संजय यांनी मायकेलअँजेलो काढून टाकणारी आज्ञावली लिहिली, आणि अशा प्रयत्नांतून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' उभे राहिले.

एव्हाना यंत्राचा कारभार वाढला होता. डॉस या जुन्या व्यवस्थेत सकाळी कोणाकोणाला उठवायचे याची यादी मुख्यतः दोन साध्या फायलींत असे, आणि त्यांतली 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' ही कोणालाही उघडून वाचता येई. घरातल्या वाण्याच्या यादीसारखी ती ओळीने असे; अनोळखी ओळ दिसली की खोडावी. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि रजिस्ट्री नावाची प्रचंड नोंदवही रूढ झाली. तिच्यात 'रन' या नावाची एक जागा अशी, की तेथे ज्याची नोंद तो यंत्राबरोबर उठणार. पण ही एकच जागा नव्हे. सेवांची यादी वेगळी, उपकरणे चालवणाऱ्या ड्रायव्हरांची वेगळी, वेळापत्रकाने उठणाऱ्यांची वेगळी. सामान्य माणसाला आपल्या घरातील पहाटेची हजेरी घेणेच कठीण झाले. विंडोज ९८ बरोबर 'एमएसकॉन्फिग' नावाचे एक साधन आले खरे, परंतु तेही सर्व दालनांत शिरत नसे.

अशा गर्दीत लपण्यासाठी अदृश्य होण्याची गरज नसते. सभ्य नाव पुरते. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघून प्रेमपत्राच्या मिषाने जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने रजिस्ट्रीत ज्या नोंदी केल्या, त्यांची नावे होती 'एमएसकर्नल३२' आणि 'विन३२डीएलएल'. यंत्राच्या गाभ्यातील काही असावे, हात न लावलेला बरा, असे वाटायला लावणारी ही नावे. ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' किड्याने तर आपल्या नोंदीला 'विंडोज ऑटो अपडेट' असे नाव दिले होते, आणि त्याचा नियोजित हल्ला होता विंडोजची सुधारणा पुरवणाऱ्या संकेतस्थळावर! कोतवालीवर चाल करून जाणाराने कोतवालाचाच पट्टा घालावा, तसे हे.

साहजिकच लोक नावांना भिऊ लागले, आणि येथे या इतिहासाचा दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग सुरू होतो. २००१ साली एक पत्र घरोघर फिरले. तुमच्या यंत्रात 'सल्फनबीके डॉट ईएक्सई' नावाची फाइल शोधा. सापडली तर ती विषाणू आहे, ताबडतोब पुसा आणि परिचितांना कळवा, असा त्यातला मजकूर. लोकांनी शोधली. ती सापडली. सापडणारच होती, कारण ती विंडोजबरोबरच येई. फायलींची लांब नावे जपून ठेवण्याचे तिचे काम होते. चिन्ह ओबडधोबड, नाव दुर्बोध, आणि आजवर कधी पाहिलेली नाही: तीन पुरावे जमले आणि शिक्षा अमलात आली. या भयाला किंचित आधारही होता, कारण 'मॅजिस्टर' नावाचा खरा विषाणू कधी कधी याच नावाच्या फाइलवर स्वार होऊन टपालातून येई. पण प्रवासी चोर निघाला म्हणून घरातल्या सनामाला फाशी देण्याचा हा प्रकार झाला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, 'जेडीबीजीएमजीआर' या दुसऱ्या निरुपद्रवी फाइलची तीच गत झाली. तिचे चिन्ह एक लहानसे अस्वल होते, म्हणून तर ती अधिकच संशयास्पद ठरली. या दोन्ही प्रकरणांत विषाणू कोठेच नव्हता. पत्र पुढे धाडण्याचे आणि फाइल पुसण्याचे, अशी त्याची दोन्ही कामे माणसांनी स्वतःच्या हातांनी, सद्भावनेने केली. मला स्वतःला हे प्रकरण कोणत्याही विषाणूपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

नावावर विसंबणे दोन्ही बाजूंनी फसवे ठरल्यावर जाणकार वेगळे प्रश्न विचारू लागले. फाइल राहते कोठे? 'एसव्हीसीहोस्ट' नावाची आज्ञावली विंडोजच्या 'सिस्टिम३२' या दालनात असेल तर ती तेथलीच. तेच नाव घेऊन दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात राहणारी, किंवा नावातील दोन अक्षरांची अदलाबदल करून वावरणारी, ही चौकशीस पात्र. तिच्यावर कोणाची सही आहे? ती कोणी आणून ठेवली? अमेरिकेत मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी तयार केलेल्या 'ऑटोरन्स' या साधनाने यंत्राबरोबर जागे होण्याच्या नाना जागा एका पडद्यावर आणल्या, आणि ज्यांवर मायक्रोसॉफ्टची सही आहे त्या नोंदी बाजूला सारण्याची सोय केली. उरलेल्यांविषयी ते साधन स्वतः निकाल देत नाही. केवळ हजेरी घेते.

याच रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी जे प्रसिद्ध केले, त्याने 'नकोसा' या शब्दाची व्याख्याच पुन्हा करावी लागली. आपल्याच यंत्राची तपासणी करताना त्यांना काही दडवलेल्या फायली आणि ड्रायव्हर आढळले. माग काढता तो सोनी बीएमजी या नामांकित कंपनीच्या, पैसे देऊन विकत घेतलेल्या संगीताच्या तबकडीपर्यंत पोहोचला. गाण्यांच्या प्रती काढू नयेत म्हणून घातलेली ती व्यवस्था 'डॉलर-सिस-डॉलर' या अक्षरांनी आरंभ होणारी प्रत्येक गोष्ट यंत्राच्या धन्यापासून लपवी. तिची एक सेवा 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर' असे सरकारी थाटाचे नाव धारण करून होती. तिचे भाग उपटून काढताच यंत्राचा सीडी वाचणारा खणच दिसेनासा झाला, आणि तो परत आणण्यास त्यांच्यासारख्या तज्ज्ञालाही खटपट करावी लागली. थोड्याच दिवसांत दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या घातक आज्ञावल्या त्या अक्षरांच्या आडोशाला येऊन राहिल्या. कंपनीने नोव्हेंबरात तबकड्या परत मागवल्या, खटले झाले. लाहोरच्या दोघा भावांचा आणि या बलाढ्य कंपनीचा बहाणा मात्र एकच होता, चोरट्या प्रतींना आळा. फरक एवढाच की भावांनी आपला पत्ता दिला होता.

सहीवर तरी पूर्ण विसंबावे काय? २०१० मध्ये उघड झालेल्या 'स्टक्सनेट'च्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानच्या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या. सह्या करण्याच्या किल्ल्याच चोरीस गेलेल्या. २०१४ च्या 'पोवेलिक्स'ने फाइलच ठेवली नाही. आपला मजकूर रजिस्ट्रीतच भरून नोंदीच्या नावात असे एक अक्षर घातले, की नोंदवही वाचण्याचे नेहमीचे साधन त्यापुढे अडखळे. यंत्र बनवणाऱ्यांनीही हातावर हात ठेवले नव्हते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था प्रचारात आली. तिच्यात पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याची सही पाहिल्यावाचून त्याच्या हाती यंत्र दिले जात नाही. १९८१ सालचा न विचारलेला प्रश्न अखेर एकतीस वर्षांनी विचारला गेला.

ब्रेनच्या काळातील चिकटपट्टीची फ्लॉपीही रूप बदलून टिकली आहे. विंडोज १० मध्ये २०१६ पासून अशी सोय आहे की यंत्र नेहमीच्या वाटेने न उठता एका वेगळ्या, छोट्या व्यवस्थेत जागे होते, झोपलेल्या तबकडीची बाहेरून झडती घेते आणि मग पूर्ववत होते. परंतु २०१८ च्या सप्टेंबरात स्लोव्हाकियातील ईसेट या संस्थेच्या संशोधकांनी 'लोजॅक्स'चे वर्णन प्रसिद्ध केले. तो तबकडीवर राहतच नाही. ज्या कायम स्मृतीतून यंत्राला पहिली जाग येते, त्या मुख्य फलकावरील चिपमध्येच तो स्वतःला लिहून ठेवतो. विंडोज नव्याने बसवली तरी तो जात नाही, तबकडी नवी आणली तरी जात नाही. त्या चिपमधील मजकूर पुसून पुन्हा लिहावा लागतो, आणि ते जमत नसेल तर मुख्य फलकच बदलावा लागतो.