तीस नंबरचा कॉल

गिटमधून एखादा जुना प्रकल्प क्लोन करा आणि फायलींची यादी तारखांसकट बघा. दहा वर्षांपूर्वी शेवटचा हात लागलेली फाइल असो की कालची, सगळ्यांवर आजची तारीख आणि याच मिनिटाची वेळ. इतिहास जपणं हेच ज्याचं काम, तो गिट फायलींच्या तारखा जपत नाही. का, असं विचारलं की जाणती मंडळी एका शब्दात उत्तर देतात: ‘मेक’. उत्तर बरोबर आहे, पण ही कथा मेकपासून सुरू होत नाही. ती त्याच्या आधीची, बॅकअपच्या टेपांमधली आहे असं माझं म्हणणं आहे, आणि युनिक्सच्या जुन्या सोर्स कोडातल्या एका कॉमेंटवर ते उभं आहे.

नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये ‘एमडेट’ नावाचा सिस्टिम कॉल आहे, क्रमांक ३०. फायलीवरची बदलाची वेळ हवी ती लावून देणं एवढंच त्याचं काम. पुढे त्याचं नाव ‘एसएमडेट’ झालं, क्रमांक तोच राहिला. मग १९७५ची सहावी आवृत्ती येते. जॉन लायन्स यांनी सिडनीत आपल्या विद्यार्थ्यांसाठी जिच्यावर भाष्य लिहिलं आणि ज्याच्या झेरॉक्स प्रती पुढे वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या, तीच ही आवृत्ती. तिच्या कॉल्सच्या तक्त्यात तिसाव्या जागेसमोर ‘निष्क्रिय’ अशी नोंद आहे. मूळ कोड पुसलेला नाही, नुसता कॉमेंटमध्ये बंद केलाय, आणि वर कारण दिलंय: यामुळे इन्क्रिमेंटल डंप बिघडतो, खोट्या जुनेपणाच्या फायली त्यात येतच नाहीत. कोड चालतो, हवा असेल तर उघडून घ्या, असंही सांगून ठेवलंय.

इन्क्रिमेंटल डंप म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फायलीच तेवढ्या टेपवर घेणं. बदलली की नाही हे ओळखायचं कसं? तारखेवरून. समजा आज कुणी एक फाइल नव्याने आणली आणि तिच्यावर मागच्या वर्षीची तारीख चिकटवली. डंपला ती जुनी वाटणार, तो तिला वगळणार, आणि डिस्क गेली की ती फाइलही जाणार. म्हणजे तारीख हा इथे फायलीचा जन्मदाखला नाही. दुसऱ्या एका प्रोग्रॅमला ‘माझ्याकडे पुन्हा बघ’ म्हणून दिलेली ती खूण आहे. आवृत्ती-नियंत्रणातल्या तारखांचा सगळा वाद या एका फरकात आहे, आणि तो मेक जन्मायच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवला होता.

मेकची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एक बग शोधण्यात गेली. बग दुरुस्त झालेला होता, फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. ते ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिला. सोर्स फाइल ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा नवी असेल तर कंपाइल कर, नाहीतर सोड. डंप विचारतो ‘टेपपेक्षा नवं काय?’ आणि मेक विचारतो ‘ऑब्जेक्टपेक्षा नवं काय?’ प्रश्न एकच आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं बिघडतं ते पाहू. ‘हिशेब’ नावाची एक सी फाइल आहे. मंगळवारी ती बदलली आणि तीन वाजता कंपाइल केली. ऑब्जेक्ट फाइलीवर मंगळवार, तीनची वेळ पडली. मग शंका आली म्हणून रेपोमधून सोमवारची आवृत्ती परत आणली. रेपोने तिच्यावर सोमवारची तारीख लावून दिली, तर मेकच्या लेखी ऑब्जेक्ट नवी ठरते आणि तो काहीच करत नाही. एडिटरमध्ये दिसतो सोमवारचा कोड, चालतो मंगळवारचा. जॉन्सन यांची वाया गेलेली सकाळ पुन्हा तुमच्या वाट्याला.

आवृत्ती-नियंत्रणाच्या जुन्या प्रणालींना हा धोका माहीत होता. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी लिहिलेल्या आरसीएस या प्रणालीत चेकआउटच्या वेळी आवृत्तीची तारीख फायलीला लावायचा पर्याय होता. मात्र तो आपण मागितला तरच मिळे, आणि मॅन्युअलमध्ये इशारा असे की जपून वापरा, मेक गोंधळतो.

सीव्हीएसपाशी मात्र थांबायला हवं. डिक ग्रून यांनी १९८६मध्ये तो शेल स्क्रिप्टमध्ये लिहिला आणि १९८९मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी सी भाषेत नव्याने बांधला. त्याची वागणूक दुहेरी आहे. कोऱ्या जागी चेकआउट केलं की फायलीवर कमिटची जुनी तारीख येते. आधीपासून असलेल्या फाइलीत अपडेटने बदल आणला की तिच्यावर आत्ताची वेळ येते. अनेकांनी याला विसंगती म्हटलं. मला ती या सगळ्या परंपरेतली सर्वात शहाणी तडजोड वाटते. कोऱ्या जागी ऑब्जेक्ट फायलीच नसतात, तेव्हा जुन्या तारखेने फसायला कुणी नसतं. अपडेटच्या वेळी शेजारी ऑब्जेक्ट असतात, म्हणून तिथे खूण द्यावीच लागते. फसवलं जाईल असं कुणी शेजारी नसेल तिथेच जुनी तारीख द्यायची, असा हा न लिहिलेला नियम आहे.

पुढच्यांनी आपापल्या परीने यातली एकेक बाजू धरली. सबव्हर्जनमध्ये कमिटची वेळ वापरायचं सेटिंग आहे, पण मुळात ते बंद असतं. परफोर्समध्ये तर सबमिट करताना फायलीवर असलेली मूळ वेळसुद्धा जपता येते, फाइलप्रकाराला तसं सांगितलं तर.

एप्रिल २००५मध्ये गिट आला आणि वादाला नवा पक्ष मिळाला. या पक्षाचं म्हणणं असं की मेकबिक काही नाही, गिट फक्त मजकूर ओळखतो. ट्री ऑब्जेक्टमध्ये फायलीचं नाव, मोड आणि मजकुराचा हॅश असतो. त्यात वेळ घातली तर दोघांनी तंतोतंत सारखा मजकूर लिहूनही दोन ट्री वेगळे ठरतील आणि सगळी रचना कोसळेल. हा युक्तिवाद भक्कम आहे, तो मी मान्य करतो. पण त्याने निम्मंच उत्तर मिळतं. वेळ ट्रीमध्ये का नाही, ते कळलं. पण कमिटमध्ये वेळ असतेच, लेखकाची वेगळी आणि कमिट करणाऱ्याची वेगळी. चेकआउट करताना ती फायलीला लावायला हॅश आडवा येत नाही. शिवाय निव्वळ मजकुराचाच आग्रह असता तर फाइल एक्झिक्युटेबल आहे की नाही, हा बिटसुद्धा ट्रीमध्ये आला नसता. तो आहे, कारण त्याच्याशिवाय स्क्रिप्ट चालत नाहीत. जे बाहेरच्या प्रोग्रॅमना हवं ते ठेवलं, जे त्यांना फसवेल ते टाळलं. तत्त्वापेक्षा व्यवहाराचा हात इथे मोठा आहे.

माझ्या बाजूचा सर्वात चांगला पुरावा गिटनेच दिलाय. गिट आर्काइव्ह या आज्ञेला एखादं कमिट देऊन टार बनवलं, तर आतल्या प्रत्येक फाइलीवर त्या कमिटची वेळ असते. म्हणजे जुनी तारीख द्यायला गिटची हरकत नाही. टारमध्ये शेजारी ऑब्जेक्ट फायली नसतात, एवढाच फरक. सीव्हीएसचा कोऱ्या जागेचा नियम इथे जसाच्या तसा उतरलाय.

आता पुन्हा तीस नंबरकडे. १९७९च्या सातव्या आवृत्तीत तो कॉल ‘यूटाइम’ नावाने परत आला, आणि त्याच आवृत्तीत आयनोडमध्ये, म्हणजे फायलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत, ‘सीटाइम’ ही तिसरी वेळ आली. यूटाइमने बदलाची वेळ हवी तशी मागे न्या, सीटाइमवर आत्ताची वेळ पडणारच, ती हाताने लावता येत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या हा योगायोग मी मानत नाही. तारीख बदलायची मोकळीक परत दिली आणि तिच्यावर पहारा बसवला, असाच हा सौदा आहे. बर्कलीच्या युनिक्समधला डंप दोन्ही वेळा तपासतो, आणि खोट्या जुनेपणाची फाइल आता त्याच्या हातून निसटत नाही. ३२ बिटी इंटेल मशीनवरच्या लिनक्समध्येही यूटाइमचा क्रमांक ३०च आहे.

गिटने तर हा पहारा थेट आपल्या पदरी ठेवला. त्याच्या इंडेक्समध्ये प्रत्येक फायलीची बदलाची वेळ, सीटाइम आणि आकार नोंदलेले असतात, आणि स्टेटस विचारलं की आधी तेच ताडले जातात. म्हणजे तारखा जगाला न देणारा गिट स्वतःसाठी मात्र डंपसारखाच तारखांवर विसंबतो. तो बेसावध नाही. इंडेक्स लिहिला त्याच क्षणी फाइल बदलली आणि आकार तोच राहिला, तर वेळेवरून काही कळणार नाही. म्हणून जिची वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा पुढची आहे, अशा प्रत्येक फायलीचा मजकूर तो प्रत्यक्ष उघडून पाहतो. सीटाइमवर विश्वास ठेवू नको, असं सांगणारं सेटिंगही गिटमध्ये आहे. ते कधी वापरावं याच्या खुलाशात काही बॅकअप प्रणालींचा उल्लेख आहे, कारण त्या सीटाइम हलवत राहतात. मेकचं तिथे नाव नाही.

ज्यांना खरोखर तारखा लागतात, त्यांना त्या लॉगमधून काढता येतात. वेबसाइट बनवणाऱ्या ह्यूगोला सेटिंगमध्ये तसं सांगितलं, तर तो ‘शेवटचा बदल’ कमिटवरून ठरवतो. प्रत्येक फाइलीचं शेवटचं कमिट शोधून ती वेळ तिला लावून देणाऱ्या स्क्रिप्टही आहेत. मात्र बिल्ड सर्व्हरवर त्या वापरायच्या असतील तर पूर्ण इतिहास क्लोन करावा लागतो. एकाच कमिटचा उथळ क्लोन घेतला, तर सगळ्या फायली त्याच कमिटमध्ये आल्यासारख्या दिसतात आणि स्क्रिप्ट सगळ्यांना एकच तारीख लावते.