ओपन करावं लागलं तर...

मंडळी, शनिवारची कॉफी आणि किडनी हे कॉम्बिनेशन काही फार रुचकर नाही, पण आज चालवून घ्या.

मामाच्या किडनीतली गाठ दुर्बिणीतून काढायची ठरली, तेव्हा संमतीपत्रात एक ओळ होती : गरज पडल्यास ओपन शस्त्रक्रिया करण्यात येईल. मामीने ती तीनदा वाचली आणि मला विचारलं, "म्हणजे डॉक्टरांना जमलं नाही तर, असंच ना रे?" या 'जमलं नाही'चा इतिहास शोधायला बसलो, तर भलतंच हाती लागलं.

अर्थात आधी सगळं ओपनच होतं. १८६१ साली अमेरिकेत मिलवॉकीला इरॅस्टस वोलकॉट यांनी यकृताची गाठ समजून ऑपरेशन केलं आणि निघाली किडनी! रुग्ण पंधरा दिवसांनी गेला. ठरवून किडनी काढली ती हायडेलबर्गच्या गुस्ताव सायमन यांनी, २ ऑगस्ट १८६९ रोजी. गाठ नव्हती, मूत्रवाहिनीतून लघवी गळत होती. एका किडनीवर माणूस जगेल का याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. बाई वाचल्या. पुढे १९६९ मध्ये टोरांटोच्या चार्ल्स रॉब्सन यांनी भोवतालच्या चरबीसकट किडनी काढण्याच्या पद्धतीचे निकाल मांडले आणि कॅन्सरसाठी तोच शिरस्ता पडला. चीर लांबलचक, दुखणं भरपूर.

मग २५ जून १९९०. सेंट लुईसमध्ये राल्फ क्लेमन आणि सहकाऱ्यांनी ८५ वर्षांच्या आजीबाईंची किडनी दुर्बिणीतून काढली. जवळजवळ सात तास लागले. किडनी पोटातच पिशवीत भरली, तिथेच तिचे तुकडे केले आणि छोट्या भोकातून बाहेर ओढले. (आपल्याकडेही त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं.)

आता खरी गोम. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, मिनिटाला लिटरभर. धमनी थेट महाधमनीतून फुटलेली. तिथे काही निसटलं की रक्त भिंगावर उडतं, आणि रक्त प्रकाश शोषत असल्यामुळे स्क्रीन काळवंडतो. रक्त ओढून घ्यायला सक्शन लावावं, तर त्याबरोबर पोट फुगवणारा कार्बन डायऑक्साइडही जातो आणि काम करायची जागाच बसते! म्हणून आधी गॉज दाबून धरायचं, गॅसचा दाब थोडा वाढवायचा (शिरेतला रक्तस्राव त्याने पुष्कळदा आटोक्यात येतो), आणि तेवढ्या वेळात ठरवायचं. धमनी असेल तर फार वेळ नसतो.

पण प्रत्येक वेळी असा थरार नसतो. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतात, गाठ शिरेत शिरलेली निघते, किंवा तासभर झटूनही काम पुढे सरकत नाही. तेव्हा शांतपणे ओपन करतात. माझ्या मते फरक इथेच आहे. ठरवून वेळेवर केलेलं ओपन आणि रक्ताच्या थारोळ्यात केलेलं ओपन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी बऱ्याचदा पहिली लांबवल्यामुळे होते. आमच्याकडे रोलबॅकचा निर्णय पहाटे चारपर्यंत रेंगाळतो तसंच! फक्त आमचा सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी कोणी मरत नाही.

हे मामीला सांगितलं. "मग ओळ असलेली बरी," एवढंच म्हणाली आणि सही केली. (मामाचं दुर्बिणीतूनच पार पडलं.)

दा विंची रोबोला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, त्यानंतर यात आणखी एक पायरी वाढली : सर्जन रुग्णापासून लांब कन्सोलवर बसलेला, आणि ओपन करायचं तर आधी रोबोचे हात सोडवून बाजूला घ्यायचे. त्यामुळे कोणी दाबून धरायचं, कोणी रोबो हलवायचा, ओपनचा सेट कुठे ठेवायचा याची काही टीम चक्क रंगीत तालीम करतात.

आणि एक गंमत, खरं तर काळजीच. दुर्बिणीवरच शिकलेल्या नव्या सर्जनांच्या वाट्याला ओपन किडन्या कमी येतात. म्हणजे ज्या पद्धतीवर अडचणीत परतायचं, तिचाच सराव घटत चाललाय, आणि तिची वेळ येते ती नेमकी सगळ्यात अवघड केसमध्ये.