इंग्रजीतील परिमाणवाचक शब्दप्रयोग : थोडासा फरक, मोठा अर्थभेद

मराठीत परिमाण आणि नाम यांना जोडण्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज भासत नाही. ‘दोन किलो साखर’, ‘एक कप चहा’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र दोहोंमध्ये ‘ऑफ’ येतो आणि परिमाण एकाहून अधिक असल्यास त्याचे अनेकवचनही करावे लागते : ‘टू किलोज ऑफ शुगर’, ‘थ्री कप्स ऑफ टी’.

नागपूरकरांना जवळचे उदाहरण संत्र्यांचे. कळमना बाजारात संत्र्यांचा व्यवहार टनावर होतो. तेथे ‘फाइव्ह टन्स ऑफ ऑरेंजेस’ योग्य. तीच संत्री किरकोळीत डझनावर घेतली, की ‘टू डझन ऑरेंजेस’. येथे ‘ऑफ’ नाही आणि ‘डझन्स’ही नाही. डझन, हंड्रेड, थाउजंड आणि आपल्याकडचा लाख हे शब्द निश्चित आकड्यासोबत संख्येसारखे वागतात. म्हणून ‘फाइव्ह लाख रुपीज’. आकडा मोघम असेल तेव्हाच ‘डझन्स ऑफ ऑरेंजेस’, ‘लाख्स ऑफ रुपीज’.

खरी अडचण अगणनीय नामांची. मराठीत सल्ले, बातम्या मोजता येतात. त्यामुळे ‘टू अ‍ॅडव्हायसेस’ किंवा ‘मेनी इन्फर्मेशन्स’ असे सर्रास ऐकू येते. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, न्यूज यांना अनेकवचन नाही. ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘अ लॉट ऑफ इन्फर्मेशन’ म्हणावे. ‘न्यूज’च्या स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ असला तरी क्रियापद एकवचनीच राहते. ब्रेडचा अख्खा पाव ‘अ लोफ ऑफ ब्रेड’ आणि त्याचा काप ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’. उपाहारगृहात मात्र ‘टू टीज, प्लीज’ म्हटलेले चालते; व्याकरणाच्या कडक मास्तरांनी तेथे नाक मुरडू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक एका अक्षराची आहे. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव लिट्ल एक्सपीरिअन्स’ लिहिणाऱ्या उमेदवाराला ‘थोडाफार अनुभव आहे’ असे सुचवायचे असते. परंतु वाचणारा त्याचा अर्थ ‘अनुभव जवळजवळ नाहीच’ असा घेतो. ‘अ लिट्ल’ लिहिले असते तर अर्थ बदलला असता. ‘सम एक्सपीरिअन्स’ त्याहून बरे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नसल्याने हा ‘अ’ आपल्या हातून सहज निसटतो. गणनीय नामांबाबत हाच भेद ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत आहे. ‘फ्यू मेंबर्स सपोर्टेड द प्रपोजल’ म्हणजे प्रस्तावाला पाठिंबा जेमतेमच मिळाला. ‘अ फ्यू मेंबर्स’ म्हणजे काही सदस्यांनी तरी तो दिला. सभेच्या इतिवृत्तात ही गफलत वादाला कारण ठरू शकते.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅबसेंट’ यात क्रियापद अनेकवचनी असते, कारण अर्थ ‘अनेक विद्यार्थी’ असा आहे. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ यात विधान संख्येविषयी असल्याने ते एकवचनी होते. रक्कम एकत्रित धरली, तरीही एकवचनच : ‘फाइव्ह थाउजंड रुपीज इज इनफ’.