तोंडीच्या दहा गुणांचं घराणं

सहावी-सातवीच्या पुस्तक परिचयाचा साचा आता ठरून गेला आहे. मूल फळ्याजवळ उभं राहतं. पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, किंमत एका दमात सांगतं, मग गोष्ट, मग आवडलेला प्रसंग, आणि शेवटी ठरलेला बोध. बाईंच्या पुढ्यात निकषांचा तक्ता असतो: आशयाची समज, मांडणी, उच्चार, आत्मविश्वास. प्रत्येकापुढे चार रकाने. ऐकता ऐकता खुणा होतात, शेवटी बेरीज. या तक्त्याचा माग काढत मागे गेलं की लक्षात येतं, परीक्षेची रीत जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा मुलांचं भलं हे सांगायचं कारण होतं. खरा अविश्वास होता तो ऐकणाऱ्यावर आणि तपासणाऱ्यावर.

बॉस्टनमध्ये 1845 पर्यंत शाळेची परीक्षा म्हणजे तोंडीच. शाळा समितीचे सभासद वर्षातून एकदा येत, काही मुलांना उभं करून चार प्रश्न विचारत. हुशार मुलं पुढे, बाकीची मागे, आणि मास्तर मधूनच सूचक शब्द पुरवायला हजर. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी प्रशियातल्या शाळांची तारीफ केली, तेव्हा बॉस्टनच्या 31 मास्तरांनी 1844 मध्ये त्यांच्याविरुद्ध पुस्तिकाच काढली. मान यांचे मित्र सॅम्युएल हाऊ पुढच्याच वर्षी समितीवर आले आणि त्यांनी छापील प्रश्नपत्रिका शाळाशाळांत नेल्या. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, मास्तरांना मध्ये बोलायची मुभा नाही. निकाल वाईट लागला. अमुक साली व्यापारबंदी लागू झाली हे मुलांना ठाऊक होतं, पण व्यापारबंदी म्हणजे काय हे बहुतेकांना सांगता येईना. मान खूश! लेखी परीक्षेला त्यांनी तेव्हा नव्यानेच निघालेल्या छायाचित्राची उपमा दिली. मुलांच्या डोक्यात काय आहे त्याचं हुबेहूब चित्र, आणि ते जपून ठेवता येणारं. पण त्या चित्रात टिपायचे होते ते मास्तर, हे तिथे कुणापासून लपलं नव्हतं.

इंग्लंडने उलटी वाट धरली आणि खड्ड्यात गेलं. रॉबर्ट लो यांच्या 1862 च्या नियमांनुसार सरकारी तपासनीस शाळेत येऊन एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासे आणि मूल एका विषयात नापास झालं की शाळेच्या अनुदानातून 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. वाचनाचा असा भाव ठरल्यावर मुलांनी वाचनमाला तोंडपाठ केली, पुस्तक उलटं धरलं तरी धडा घडाघडा! निकालावर अनुदान ही रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी, येणार म्हटलं की शाळेत शेणसारवण आणि उजळणी एकदमच सुरू व्हायची, त्यामागे मास्तरांच्या पोटाचा प्रश्न होता.

लेखी परीक्षा तरी निःपक्षपाती का? विस्कॉन्सिनच्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी 1912 मध्ये इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शेकडो शाळांना तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी 64 गुण दिले, कुणी 98. भाषेचं असंच असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी मग भूमितीचा पेपर पाठवला. त्याला 28 पासून 95 पर्यंत गुण आले. त्याच 1912 साली मायलो हिलेगस यांनी निबंधांची एक शिडीच तयार केली. सर्वांत गचाळ निबंधाला 0, सर्वांत सरस निबंधाला 937, मध्ये पायऱ्या. मुलाचा निबंध या नमुन्यांशेजारी ठेवायचा आणि जुळेल ती पायरी द्यायची. 937 हा आकडा पाहून हसू येतं, पण आजच्या चार रकान्यांची ही पणजी आहे.

या घराण्यातला सगळ्यांत मोलाचा कागद मला वाटतो तो 1961 चा. अमेरिकेतल्या पॉल डायडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 जणांना वाचायला दिले. त्यात प्राध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि कंपन्यांचे अधिकारीही. निकष काहीच सांगितले नाहीत. फक्त नऊ ढीग करा म्हटलं. 94 टक्के निबंध सात, आठ किंवा नऊही ढिगांत सापडले. डायडरिक यांनी कपाळाला हात लावण्याऐवजी या गोंधळाची उकल केली. कुणी विचारांना गुण देत होतं, कुणी मांडणीला, कुणी शैलीच्या चवीला, कुणी शुद्धलेखनाला, कुणी शब्दकळेला. म्हणजे वाचणारे लहरी नव्हते, प्रत्येक जण वेगळंच काही वाचत होता. आजच्या तक्त्यातले निकष या उकलीतून आले. बाईंच्या पुढ्यातला तक्ता तोंडी सादरीकरणासाठी असला, तरी त्याचा सांगाडा लेखी निबंधाचा आहे.

महाराष्ट्रात तोंडी काम पुन्हा सन्मानाने आलं ते शिक्षण हक्क कायद्यानंतर, ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पाचवी-सहावीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं मूल्यमापन, 50 आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, 50, सातवी-आठवीला 40 आणि 60. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षणाच्या जोडीला तोंडी काम, आणि संकलितमध्येही 10 गुण तोंडीला. प्रकट वाचन, भाषण-संभाषण, गटचर्चा, भूमिकाभिनय असं सगळं त्यात बसतं. कल्पना उत्तमच. पण वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद, वर विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक हे रकाने. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. ‘अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो’ ही नोंद शाळाशाळांतून उतरवून घेतली जाऊ लागली. ज्या रकान्यात मुलांच्या स्वतःच्या शब्दांची दखल घ्यायची तोच घोकलेला!

दुसरी अडचण ‘उच्चार’ या निकषाची. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल पुस्तकातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतं, वर्ग हसतो, गप्प होतो, आणि तक्ता मात्र उच्चाराच्या रकान्यात खालची श्रेणी मागतो. इथे बाईंनी तक्ता बाजूला ठेवावा असं माझं सरळ मत आहे. पुष्कळ जणी ठेवतातही.

तोंडीचं राजकारण दहावीत उघडं पडलं. 2018-19 ला भाषा विषयांचे अंतर्गत 20 गुण रद्द झाले. शाळा ते खिरापतीसारखे वाटतात, ही तक्रार जुनीच होती. मार्च 2018 च्या परीक्षेचा 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचं रूपही बदललं होतं, पण सगळ्यांचं बोट तोंडीकडे गेलं. अकरावीला सीबीएसईच्या मुलांपुढे आपली मुलं मागे पडणार, म्हणून पालक खवळले आणि काही महिन्यांतच 20 गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. या वादात मुलांना बोलता येतं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातल्या समग्र प्रगतीपत्रकात शिक्षकांच्या नोंदीबरोबर मुलाचं स्वतःबद्दलचं आणि सोबत्यांचं मतही मांडायचं आहे. म्हणजे सातवीतल्या मुलीने पुस्तक परिचय करून दिला की मागच्या बाकावरचा मुलगाही तिला श्रेणी देणार. तिने काल त्याला वही दिली नसेल, तर काय द्यायचं ते त्याचं आधीच ठरलेलं असेल.