अदृश्य लेझर आणि तुमचे डोळे: उपचाराआधी काय तपासाल?

नको असलेले केस काढणे, मुरुमांचे व्रण कमी करणे, मूतखडा फोडणे अशा अनेक उपचारांत अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड लेझर वापरला जातो. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही आणि डोळ्यांना खरा धोका त्यामुळेच असतो.

डोळ्यात नेमके काय होते?

झगमगीत प्रकाश पडला की आपण चटकन डोळे मिटतो. अदृश्य किरणांच्या बाबतीत असे होत नाही. केस काढण्यासाठी वापरले जाणारे सुमारे ८१० नॅनोमीटरचे डायोड आणि १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग हे लेझर थेट पडद्यापर्यंत, म्हणजे रेटिनापर्यंत, पोहोचतात. पडद्याला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा झाली तरी दुखेलच असे नाही. नजरेसमोर काळा डाग दिसणे किंवा नजर अचानक धूसर होणे हेच पहिले लक्षण असू शकते.

१४०० नॅनोमीटरच्या पुढचे किरण मुख्यतः डोळ्याच्या पुढच्या भागात शोषले जातात. व्रणांसाठी वापरला जाणारा १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भाजू शकतो.

एकच चष्मा सगळीकडे चालत नाही

कोणता पदार्थ कोणते किरण अडवतो हे तरंगलांबीवर ठरते. कार्बन डायऑक्साइड लेझरसाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा पुरतो, पण १०६४ नॅनोमीटरचे किरण त्यातून आरपार जातात. काळा गॉगल म्हणजे सुरक्षा नव्हे.

हे पदार्थ झिजतातही. मूतखडा फोडताना लेझर वाहून नेणाऱ्या काचतंतूचे टोक शस्त्रक्रियेदरम्यानच झिजते. संरक्षक चष्म्यावर ओरखडे, तडे पडले किंवा त्याचा रंग बदलला, तर त्याचा भरवसा धरू नये.

उपचाराआधी हे करा

- यंत्राची तरंगलांबी विचारा. चष्म्यावर तोच आकडा आणि ‘ओडी’ ही संरक्षणाची पातळी छापलेली आहे का, ते पाहा.
- चष्मा कडेने सैल बसत नाही ना, याची खात्री करा.
- चेहऱ्यावर उपचार असेल तर डोळे पूर्ण झाकणारे कवच मागा. पापण्यांवरचे किंवा भुवयांखालचे केस लेझरने काढून घेऊ नका.
- खोलीतील प्रत्येकाने चष्मा घातलेला असावा. आरसा किंवा चकचकीत धातूवरून परतणारे किरणही घातक असतात. सोबत आलेल्या मुलांना बाहेर बसवा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

उपचारानंतर डाग दिसणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, नजर धूसर होणे, डोळा दुखणे किंवा लाल होणे यांपैकी काहीही जाणवले तर डोळा चोळू नका. घरातले कोणतेही थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि लेझरची तरंगलांबी आवर्जून सांगा, म्हणजे कोणता भाग आधी तपासायचा ते त्यांना लगेच कळेल.