सात जबान्या आणि निवेदक : तळटीप

१२. साक्षीदारांची कथा : लेखकाचा निर्देश जपानी कथाकार र्‍युनोसुके आकुतागावा (१८९२–१९२७) यांच्या १९२२ सालच्या ‘याबु नो नाका’ (झुडपांत) या कथेकडे आहे. रानात एका सामुराईचे प्रेत सापडते आणि सात जण आपापली हकिगत सांगतात. त्यांना जोडणारा निवेदक कथेत नाही. लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई आणि मृताची सासू हे चौघे पाहिले-जाणले तेवढेच बोलतात. उरलेले तिघे घटनेत सामील आहेत. दरोडेखोर म्हणतो, द्वंद्वात मी मारले. पत्नी देवळात कबुली देते, मी मारले. देवऋषिणीच्या तोंडून मृत सांगतो, मीच जीव दिला. म्हणजे गुन्हा कोणीच झटकत नाही, तिघेही तो स्वतःकडे ओढतात. सुटकेपेक्षा प्रत्येकाला स्वतःची प्रतिमा प्यारी आहे. सर्वसाक्षी निवेदकाने खुनी कोण ते सांगून टाकले असते, तर ही मेख वाचकाच्या नजरेतून निसटली असती. तपास अधिकाऱ्याचे प्रश्नही लेखकाने गाळले आहेत. त्यामुळे निवाडा वाचकावर येऊन पडतो.

अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०) हा चित्रपट मुख्यतः याच कथेवर बेतला आहे. नाव आणि वेशीची चौकट मात्र आकुतागावा यांच्याच १९१५ च्या दुसऱ्या कथेतली. चित्रपटात लाकूडतोड्या खुनाची आणखी एक, डोळ्यांदेखतची हकिगत सांगतो. मूळ कथेत ती नाही. – संपा.