मेणाच्या डब्यातला आवाज

माझ्या कपाटात बुटांच्या एका खोक्यात चार जुने कपॅसिटर आहेत. दोन लहान, आणि दोन साबणाच्या वडीएवढे, पुठ्ठ्याच्या चौकोनी आवरणात मेण ओतून बंद केलेले. चारही आता निकामी आहेत. रूममेटने दोनदा विचारलं, की हे फेकायचं कधी. फेकायचे नाहीत. का ते सांगतो, पण आधी मी स्वतःला कसं फसवलं ते सांगायला हवं.

मी बॉस्टनजवळ केंब्रिजला राहतो, केंडल स्क्वेअरमध्ये कोड लिहितो. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त गृहस्थ लहान घरात राहायला जात होते आणि सामान कमी करत होते. त्यांनी १९७१ साली घेतलेली 'एआर-३ए' या स्पीकरची जोडी विकायला काढली होती. एकेक स्पीकर चोवीसेक किलोचा. दोघांनी मिळून तीन जिने चढवले, वायर जोडली, गाणं लावलं आणि तोंडं पाडून बसलो. आवाज गादीखालून आल्यासारखा होता. खाली गडगडाट ठीक, पण वरचं सगळं गायब. झांजा नाहीत, तंबोऱ्याची जवारी नाही.

जुन्या स्पीकरचा आवाज बसला की सगळे एकच औषध सांगतात: कपॅसिटर बदला. त्यातही साधे नकोत, भारी घाला, आवाज मूळच्यापेक्षा चांगला होईल. हा सल्ला इतका सर्रास मिळतो, की तो कुठून आला असं कुणी विचारत नाही. मी विचारलं, पण पैसे खर्च करून झाल्यावर.

कपॅसिटर म्हणजे मराठीतलं 'धारित्र'. स्पीकरच्या पेटीत त्याचं काम दारावरच्या रखवालदाराचं. जाड, खालचे सूर तो अडवतो आणि बारीक, वरचे सूर आत सोडतो. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान स्पीकर, नाजूक असतो. त्याच्यापर्यंत ढोलाचा दणका पोचला तर तो जळेल. एआर-३ए मध्ये ट्वीटरच्या वाटेवर ६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ५००० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ५.३ ओहम येतो. त्याच्या वर अडथळा कमी होत जातो, खाली वाढत जातो. मधल्या स्पीकरच्या वाटेवर ५० मायक्रोफॅरडचा आहे आणि वूफरला समांतर १५०चा. शेवटचे दोन त्या मेणाच्या डब्यात एकत्र.

आता मेण आणि पुठ्ठा का? १८९६ मध्ये कारोल पोलाक या पोलिश माणसाने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं पेटंट मागितलं. त्याची युक्ती अशी, की अ‍ॅल्युमिनियमवर रासायनिक क्रियेने जो अतिपातळ ऑक्साइडचा थर चढतो, तोच विद्युतरोधक म्हणून वापरायचा. थर जितका पातळ, तितकी धारिता जास्त. म्हणून थोड्या जागेत खूप मायक्रोफॅरड मावतात, तेही स्वस्तात. १९२०च्या दशकात रेडिओ घरच्या विजेवर चालू लागले, त्यांची घरघर घालवायला मोठे कपॅसिटर लागले आणि ही जात घरोघरी पोचली. पण यात एक ओलसर द्रव असतो. पन्नास वर्षांत तो सुकतो किंवा बिघडतो. धारिता सरकते, आणि आतला रोध वाढत जातो. प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर असा सुकत नाही. मात्र १५० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आजही कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा असतो. त्या काळच्या कारखान्याने तो घरगुती स्पीकरमध्ये घालायचा विचारही केला नसता.

आणि तो कारखाना माझ्या ऑफिसपासून चालत वीसेक मिनिटांवर होता. अकूस्टिक रिसर्च, २४ थॉर्नडाइक स्ट्रीट, केंब्रिज. एडगर विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर संध्याकाळचा वर्ग घ्यायचा. हेन्री क्लॉस हा एमआयटी सोडलेला तरुण तेव्हा सैन्यात होता आणि त्या वर्गाला येऊन बसायचा. विल्चरकडे एक कल्पना होती. वूफरचा पडदा ताठ स्प्रिंगवर न टांगता सैल सोडायचा, पेटी हवाबंद करायची आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग करायचं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला तर तो जसा परत येतो, तसं. यामुळे फ्रिजएवढ्या पेटीतून यायचा तो खर्ज पुस्तकाच्या कपाटात मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला. प्रस्थापित उत्पादकांनी नाक मुरडलं. क्लॉस केंब्रिजमध्ये आधीच स्पीकरच्या पेट्या बनवून विकत होता, तेव्हा १९५४ मध्ये दोघांनी स्वतःच कंपनी काढली. क्लॉस १९५७ मध्ये बाहेर पडला. १९५८ला एआर-३ आला, घुमटाच्या आकाराच्या ट्वीटरसह, आणि १९६७ला रॉय अ‍ॅलिसनच्या हाताखाली एआर-३ए.

मला या कंपनीची सगळ्यात आवडलेली गोष्ट तिचा स्पीकर नाही, तिची परीक्षा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी अशा मैफली भरवल्या, ज्यात फाइन आर्ट्स क्वार्टेट ही चार वादकांची मंडळी खरोखर मंचावर बसायची. मध्येच वादक थांबायचे आणि त्यांचंच रेकॉर्डिंग शेजारच्या स्पीकरमधून सुरू व्हायचं. गज हवेत फिरतच राहायचे. आवाज केव्हा बदलला हे प्रेक्षकांनी ओळखायचं, आणि बहुतेकांना ते जमायचं नाही. त्या युक्तीत जाहिरात होतीच, भाबडेपणा नको. पण तिथे 'चांगला आवाज' या शब्दाला मोजपट्टी होती. समोर व्हायोलिन आहे. त्याच्यासारखं वाजलं तर चांगलं, नाहीतर नाही.

मग कपॅसिटर बदलून आवाज 'सुधारतो' ही कल्पना कुठून आली? तिचा एक ठळक टप्पा सापडतो. १९८०च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत अमेरिकेच्या 'ऑडिओ' मासिकात वॉल्टर जुंग आणि रिचर्ड मार्श यांचा दोन भागांचा लेख आला. मुद्दा खरा होता. कपॅसिटर आदर्श नसतो. आतलं द्रव्य थोडा भार शोषून ठेवतं आणि उशिरा सोडतं, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. कुठलं द्रव्य हे किती करतं त्याची उतरंड त्यांनी लावली. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन, टेफ्लॉन वर, इलेक्ट्रोलिटिक तळाला. अभियंत्यासाठी हा उपयुक्त तक्ता होता. वाचकांच्या हातात गेल्यावर त्याची जातव्यवस्था झाली. वरच्या जातीचा कपॅसिटर घातला की आवाज शुद्ध, खालचा असला की विटाळ. दोन वर्षांनी बॉब पीज या अ‍ॅनालॉग सर्किटच्या नामांकित अभियंत्याने याच शोषणाच्या दोषावर लिहिलं, तो मोजायचा कसा आणि भरून काढायचा कसा. २००२-०३ मध्ये सिरिल बेटमनने 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड'मध्ये कपॅसिटरची विकृती मोजून मालिकाच लिहिली. फरक सापडतात, पण कुठल्या जागी, किती व्होल्टेजवर, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. एवढं वाचायला फार कुणाला वेळ नव्हता. उतरंड मात्र सगळ्यांना पाठ.

मलाही. मी ट्वीटरसाठी दोन भारी पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर मागवले. एकच आधी आला. एका शनिवारी पहिला स्पीकर उघडला, कपॅसिटर बदलला, आणि उघडलाच आहे तर म्हणून मागची दोन नियंत्रणंही साफ केली. या नॉबच्या आतल्या तारेवर हिरवा कळंक चढला होता, पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो तसाच. आजी चिंचेने घासायची, मी व्हिनेगरने घासलं. लावून बघतो तर पडदा उठल्यासारखा आवाज! जवारी परत आली. मी मित्रांना लांबलचक मेसेज केले, कपॅसिटरच्या कंपनीचं नाव दोनदा घेऊन.

दुसऱ्या कपॅसिटरचं पार्सल दोन महिने अडकलं. कंटाळून मी दुसऱ्या स्पीकरची फक्त नियंत्रणं साफ केली. पडदा तिथेही उठला. बराचसा.

नोकरीत ज्युनियरने एका कमिटमध्ये दोन बदल केले तर मी त्याला सुनावतो. इथे मीच तेच केलं होतं, आणि श्रेय महागड्या बदलाला दिलं होतं.

मग मीटर आणला. दुसऱ्या स्पीकरचा जुना कपॅसिटर ६ ऐवजी ७ मायक्रोफॅरडच्या आसपास निघाला आणि आतला रोध जवळपास ३ ओहम. ट्वीटर ४ ओहमचा धरला तर तेवढ्यानेच वरचे सूर पाचेक डेसिबल खाली जातात. म्हणजे कपॅसिटर खरंच म्हातारा झाला होता, बदलणं गरजेचंच होतं. प्रश्न 'कशाने' हा होता. मी दोन डॉलरचा नवा साधा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक आणला, आणि उशिरा आलेला भारी कपॅसिटरही. एकाच स्पीकरच्या मागे टॉगल स्विच लावून दोन्ही जोडले. रूममेट स्विच दाबणार, मी डोळे मिटून ओळखणार. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

याचा अर्थ फरक कधीच नसतो असा नाही. फिल्मचा रोध जवळजवळ शून्य, ताज्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडा. काही स्पीकरमध्ये तेवढ्याने वरचा आवाज किंचित धारदार होतो, आणि लोकांना तो आवडतो. आवडू दे. पण ज्याने तो स्पीकर जुळवला त्याने कपॅसिटरच्या त्या थोड्या रोधासकट जुळवला होता. एआर-३ए तर मवाळ वरच्या सुरांसाठीच ओळखला जायचा. तो धारदार केला तर ती दुरुस्ती नव्हे, नवा स्पीकर झाला. चांगला असेलही. त्याला जुनं नाव मात्र देऊ नये.

म्हणून ते खोकं. प्रत्येक कपॅसिटरवर चिठ्ठी आहे, कुठल्या पेटीतला, किती मोजला, कधी काढला. जगातल्या जुन्या जोड्यांमधले असे डबे रोज कचऱ्यात जातायत. ते मूळ आवाज परत देणार नाहीत, सुकलेले आहेत. पण थॉर्नडाइक स्ट्रीटवर नेमकं काय बसवलं होतं, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

उन्हाळ्यात मी त्या गृहस्थांना ऐकायला बोलावलं. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं घालून आले. विल्चरने स्पीकरचा धंदा सोडल्यावर याच विषयावर काम केलं होतं. ऐकू कमी येणाऱ्याला कुठला सूर किती उचलून द्यायचा, हे वेगवेगळ्या पट्ट्यांत ठरवणारी त्याची पद्धत १९७३ मध्ये छापून आली आणि त्याने तिचं पेटंट घेतलं नाही. मी हे त्यांना सांगितलं. त्यांना विल्चर आठवत होता, हे माहीत नव्हतं.

त्यांनी माइल्स डेव्हिसची एक बाजू ऐकली. मग उठून, न विचारता, सवयीने पेटीच्या मागे हात घातला आणि ट्वीटरचा नॉब थोडा वर केला. "इथे असायचा," म्हणाले. मी विचारलं, तेव्हा म्हणजे १९७१ला की आता, या यंत्रांसह? ते थोडा वेळ थांबले, म्हणाले, ते कसं सांगणार, आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला सांगितली.